सोलापूरच्या कोरड्या हवेत गाडीला अंडरबॉडी कोटिंग करून घ्यावं का?

गाडी नवी आहे, शोरूमवाले अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावर गंज रोखणारा काळा थर, करून घ्या म्हणतात, आणि इथली हवा तर कोरडी. मग हा खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी जुळे सोलापुरात राहतो. माझं मत विचाराल तर कोटिंगची घाई करू नका, आधी दारांची पाणी जायची भोकं बघा.

रत्नागिरीसारखा खारा वारा आपल्याकडे नाही, हे खरं. पण गंज धरायला पत्र्याला चिकटलेली ओल पुरते, आणि आपली काळी माती ओल लवकर सोडत नाही. सप्टेंबरच्या पावसात शेताकडे जाऊन या आणि दोन दिवसांनी मडगार्डच्या आतली कड चाचपून बघा. वरचा वाळलेला चिखल निघाला की आतला हाताला गार लागतो. वॉशिंग सेंटरवर नुसतं फोम-शाम्पू करून भागत नाही. चाकांच्या वरच्या पोकळीत पाणी मारायला सांगा आणि तिथे स्वतः उभे राहा.

आता दारं. दार उघडून खालच्या कडेला वाका, तिथे बारीक लांबट भोकं दिसतील. काचेच्या फटीतून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. धुळीने ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फुगा दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. झाडूची काडी घालून भोकं मोकळी करत जा. लोखंडी तार घालू नका, तिने आतला रंग खरवडतो. गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर वायपरखालच्या खाचेतली पानंही काढा, तिथलं पाणीही असंच तुंबतं.

हायवेवर खडी उडून टवका गेला तर लगेच टचअप करा. गंज दिसत असेल तर आधी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, मग प्रायमर, मग रंग.

कोटिंग वाईट नाही. पण बऱ्याच गाड्यांना खालून कंपनीचाच थर असतो, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन आधी पाहा. वरचेवर कोकणात किंवा शेतात जाणं असेल तर जरूर करा, नवा स्वच्छ पत्रा असतानाच. जुन्या गाडीच्या गंजावर तो काळा थर मारून घेणं मात्र मला अजिबात पटत नाही. ओल आत कोंडते, वरून काही दिसत नाही आणि पत्रा कुजत राहतो.

करून घेतलंत, तर काम सुरू होण्याआधीच बजावून सांगा की सायलेन्सर आणि ब्रेकवर फवारा जाऊ देऊ नका आणि पाणी जायची भोकं बुजवू नका. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून ती भोकं एकेक तपासा.