माझा चौदा वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा काळ्या अस्वलाच्या शिकारीला जाणार आहे. त्याच्यासाठी कोणती रायफल घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की दुकानदाराने ३०० विंचेस्टर मॅग्नम या ताकदवान काडतुसाची रायफल सुचवली आहे, मित्र २४३ विंचेस्टर ही लहान गोळीची रायफल पुरे म्हणतो, आणि तुमचा स्वतःचा कल मोठ्या रायफलीकडे आहे, कारण मुलगा वाढीला लागला आहे आणि दोन वर्षांत तो तिला सरावेल. नेमक्या याच विचाराने काही वर्षांपूर्वी मी एक चूक केली. तिची किंमत माझ्या मुलाला आणि एका अस्वलाला मोजावी लागली, आणि त्यावरून घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

रायफलीचे नाव आधी सांगतो. ७ एमएम-०८ रेमिंग्टन घ्या, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे ओढायची) आणि आखूड दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग आखूड असलेली, आणि तिच्यात १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), शरीरात शिरल्यावर तुकडे न होता पसरणारी बाँडेड गोळी वापरा. ती मिळाली नाही तर ३०८ विंचेस्टर घ्या. तिच्यासाठी कमी धक्क्याची, म्हणजे गोळी सुटताना खांद्यावर कमी आदळणारी काडतुसे मिळतात, ती पहिल्या वर्षी वापरावीत आणि मुलगा वाढला की त्याच रायफलीत पूर्ण ताकदीची भरावीत. दोघींच्या काडतुसाचे कवच मुळात एकच आहे. ३०८ च्या कवचाचे तोंड अरुंद करून ७ एमएम-०८ तयार झाली आणि १९८० पासून ती बाजारात आहे. इथल्या दाट जंगलात अस्वल बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसते, आणि तेवढ्या अंतरावर यांतली कोणतीही गोळी काळ्या अस्वलाच्या दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते.

आता माझी गोष्ट. आमचे साडू माझ्या बारा वर्षे आधी या देशात आले आणि कारखान्यातल्या सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागले. लायकमिंग काउंटीतल्या एका शिकारी कॅम्पमध्ये त्यांची जागा आहे, आणि मला हा नाद त्यांनीच लावला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. माझ्या मुलाला चौदावे लागले तेव्हा त्यांनी आपली जुनी ३०० विंचेस्टर मॅग्नम माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "पोरांना नेहमी वाढत्या मापाचं घ्यावं." आपल्याकडे शाळेचा गणवेश असाच घेतला जातो, मलाही ते पटले.

मुलाचे वजन तेव्हा शेहेचाळीस किलो होते. रायफलीचा दस्ता पावणेचौदा इंचांचा, म्हणजे भरल्या अंगाच्या पुरुषासाठी बनवलेला होता. मुलाने ती खांद्याला लावली की वजन सावरण्यासाठी त्याची पाठ मागे झुकायची, आणि रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसावे म्हणून त्याला मान लांब करून चेहरा पुढे न्यावा लागायचा. दस्त्याचे बूड खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडे सरकलेले असायचे. हे सगळे मला दिसत होते, तरी मी बोललो नाही. सरावाच्या मैदानावर तिसऱ्याच गोळीला दुर्बिणीची कड त्याच्या उजव्या भुवईवर आदळली आणि अर्धचंद्राच्या आकाराची जखम झाली. त्याने रक्त पुसले, आणि आम्हा दोघांना वाईट वाटू नये म्हणून आणखी सहा गोळ्या झाडल्या. वीस काडतुसांच्या खोक्यातली अकरा उरली. साडू म्हणाले की सगळ्यांचे असेच होते, सवय होईल.

नोव्हेंबरच्या हंगामात आम्ही हाका घातला. इथे अस्वलाला आमिष घालण्यास बंदी आहे, म्हणून पंचवीस जणांपर्यंतच्या गटाने लॉरेलच्या झुडपांतून रांगेने चालत अस्वल उठवायचे आणि पुढे उभ्या असलेल्यांनी नेम धरायचा, ही इथली जुनी पद्धत आहे. मुलगा आणि मी एका जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या कडेला, हेमलॉकच्या झाडाला टेकून उभे होतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास एक अस्वल रस्त्यावर आले आणि चाळीस पावलांवर, पूर्ण आडवे, थांबले. याहून सोपा नेम मी नंतरच्या एकाही हंगामात पाहिलेला नाही. मुलाने रायफल उचलली, आणि चाप ओढण्याच्या क्षणी त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले मी शेजारून पाहिले.

अस्वल हुंदाडत झुडपांत गेले. जागेवर कापलेल्या केसांचा एक पुंजका आणि पानावर बोटाच्या पेराएवढे रक्त होते. हरिणाचा माग काढलेल्या माणसाला इथे फसायला होते, कारण अस्वलाची चरबी जखमेचे तोंड बुजवते आणि दाट केस रक्त टिपून घेतात. गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडली नाही तर जमिनीवर काहीच उमटत नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही माग शोधला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर एका झऱ्याकाठी अस्वल मेलेले सापडले. गोळी पोटात, फार मागे आणि खाली लागली होती. त्याने झऱ्याकाठची ओली पाने कवेत ओढावीत तशी अंगाखाली ओढून घेतली होती आणि पुढच्या पंजाच्या नखांत चिखल होता. मुलाने मला एवढेच विचारले, "बाबा, ते रात्रभर जिवंत होतं का?" मी उत्तर दिले नाही. मागच्या भागातले मांस नासले होते. अस्वल मारल्यापासून २४ तासांच्या आत तपासणी केंद्रावर न्यावे लागते. तिथल्या कर्मचाऱ्याने वय मोजण्यासाठी त्याचा छोटा दात काढून घेतला, आणि रिवाजाप्रमाणे मुलाचे अभिनंदन केले तेव्हा तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

त्या रात्री जेवताना साडू म्हणाले, "पोरगं अजून कच्चं आहे, ऐन वेळी घाबरलं." त्यानंतर प्रत्येक गणपतीला आणि दिवाळीला हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात निघते. माझे म्हणणे तेव्हाही वेगळे होते आणि आज मी ते पुराव्याने मांडू शकतो. मुलगा अस्वलाला घाबरला नव्हता. तो रायफलीला घाबरला होता, आणि ती भीती आम्ही दोघा मोठ्यांनी त्याच्या अंगात घातली होती.

पुरावा असा. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी, जे सत्तरीतले जुने शिकारी आहेत, मुलाच्या नकळत खऱ्या काडतुसांत एक खोटे, दारू नसलेले काडतूस मिसळले. त्यावर चाप पडला, फक्त टिक असा आवाज झाला, आणि नळीचे टोक चांगले बोटभर खाली गेले. खरी गोळी सुटते तेव्हा हा झोल धक्क्यात आणि आवाजात लपून जातो, म्हणून आम्हाला तो कधी दिसलाच नव्हता. साधारण आठ पौंडांच्या रायफलीत ७ एमएम-०८ चा धक्का बारा-तेरा फूट-पौंड (धक्क्याच्या ऊर्जेचे माप) असतो. ३०० मॅग्नमचा त्याच्या दुपटीहून अधिक. नळीचा तो झोल म्हणजे शेहेचाळीस किलोच्या शरीराने त्या धक्क्याला दिलेला अगदी शहाणा प्रतिसाद होता. काही दिवसांनी हीच परीक्षा मी साडूंच्या स्वतःच्या रायफलीवर, त्यांना न सांगता घेतली. त्यांच्याही नळीचे टोक खाली गेले. त्यांनी ते आजवर मान्य केलेले नाही, पण शेजारी आणि माझा मुलगा असे दोन साक्षीदार तिथे हजर होते.

मग आम्ही मुलाला सुरुवातीपासून शिकवले. उन्हाळाभर पॉइंट २२ या अगदी हलक्या रायफलीच्या शेकडो गोळ्या, त्याही बसून नव्हे तर उभ्याने, गुडघ्यावर आणि झाडाला टेकून; त्यानंतर साडेबारा इंच दस्त्याची ७ एमएम-०८, आणि एका दिवशी दहापेक्षा जास्त गोळ्या नाहीत. सोळाव्या वर्षी त्याने पंचावन्न यार्डांवर एका नराला एकच गोळी मारली. अस्वल तीस पावलांत पडले आणि मुलाने डोळे उघडे ठेवून ते पाहिले. आता तीच रायफल माझी मुलगी वापरते.

तुमच्या मित्राच्या २४३ बद्दल. तिने अस्वल मरत नाही असे मी म्हणणार नाही, पण तिची शंभर ग्रेनची गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल याची खात्री नसते, आणि रक्ताचा माग किती महत्त्वाचा असतो ते मी वर लिहिलेच आहे. तरीही दुकानदाराची ३०० मॅग्नम आणि ही यांतलीच एक निवडायची वेळ आली, तर मी डोळे न मिटता मारलेली २४३ पसंत करीन. घरात वडिलांची जुनी ३०-३० लिव्हर अ‍ॅक्शन (चापाखालचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल असेल तर नवे काही घेऊच नका. हाक्यातल्या जवळच्या नेमासाठी ती उत्तम आहे आणि तिचा धक्काही सौम्य आहे.

धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूंना सोडणारी भोके असलेली टोपी, लावून देतो असे दुकानदार सांगेल. नको म्हणा. धक्का कमी होतो हे खरे, पण आवाज बाजूंना फेकला जातो, आणि मुलाच्या शेजारी तुम्ही स्वतः उभे असणार आहात. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो आणि कोणतीही शिकारी रायफल ती मर्यादा ओलांडते, म्हणून सरावात कानांवर दुहेरी संरक्षण हवेच. दुर्बीण दोन ते सात पटींची घ्या आणि जंगलात ती दोनवरच ठेवा. नेमाचे एक सांगतो: अस्वलाच्या पोटाखाली लोंबणाऱ्या केसांमुळे शरीर आहे त्याहून खोल दिसते आणि गोळी खाली जाते, पुढच्या खांद्याच्या लगेच मागे, शरीराच्या मधल्या उंचीवर नेम धरायला शिकवा.

हे सारे काळ्या अस्वलापुरते आहे. अलास्कातल्या तपकिरी अस्वलाचे गणित वेगळे आहे आणि तिथे चौदा वर्षांच्या मुलाला नेऊ नये असे माझे मत आहे. पेनसिल्व्हेनियात मोठ्या शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, अस्वलाचा परवाना वेगळा काढावा लागतो, आणि या वयाच्या मुलाबरोबर प्रौढ माणूस असावाच लागतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट करतो की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे अस्वलाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. मी बुलढाण्याचा आहे, ज्ञानगंगेच्या जंगलातली अस्वले लहानपणी पाहिली आहेत, आणि तो कायदा योग्यच आहे असे मानतो. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या हंगामांत मिळून विक्रमी ४,६५३ अस्वले मारली गेली. तुमच्या मुलाला यंदा अस्वल दिसले नाही किंवा त्याने नेम धरायचे नाकारले, तरी पुढच्या वर्षी अस्वले असतीलच, त्यामुळे त्याच्यावर घाई लादू नका.

रायफल आणायला जाताना मुलाला बरोबर न्या आणि नोव्हेंबरात घालायचे जाड जाकीट त्याच्या अंगावर असू द्या, कारण त्याची जाडीही दस्त्याच्या लांबीत मिळवावी लागते. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे. मग रायफल रिकामी असल्याची तुम्ही स्वतः खात्री करून घ्या, त्याला डोळे मिटून ती भिंतीच्या रोखाने खांद्याला लावायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. मान न हलवता दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसले तर ती घ्या, आणि मान जराही पुढे न्यावी लागली तर दुकानदार काहीही म्हणो, ती परत ठेवा.