ब्रिज आहे, पण पलीकडे कोणी नाही

प्रश्न : मुलाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. विंडोज फार रेंगाळायचं, म्हणून भाच्याला बसवून लिनक्स मिंट टाकून घेतलं. मशीन आता छान पळतं, पण वायफायची यादीच येत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘हे कार्ड लिनक्सवर चालतच नाही. यूएसबीत लावायचा वायफायचा डोंगल घ्या, नाहीतर परत विंडोज टाका.’ भाच्याने ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड चालवली. आलेल्या ओळी अशा : ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ [१४ई४:४३६५], आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज : बीसीएमए-पीसीआय-ब्रिज’. ड्रायव्हर तर आहे, मग अडलंय कुठे?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवल्यात, निम्मं काम तिथेच झालं. बहुतेक पत्रांत फक्त लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव असतं, आणि त्यावरून काही कळत नाही. एकाच मॉडेलमध्ये कधी या कंपनीचं कार्ड असतं, कधी त्या. खरी ओळख चौकटी कंसातली. त्यातला पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा : १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, म्हणजे १९७८ च्या आपल्याच प्रोसेसरचा नंबर. हौसेला मोल नाही!

तुम्हाला चकवलं त्या ‘ब्रिज’ने. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, आणि बीसीएमए हा वायफायचा ड्रायव्हर नव्हेच. तो चिपच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पुढचं बोलणं दुसऱ्याने करायचं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपांसाठी बी४३सारखे ड्रायव्हर आहेत, पण ४३१४२ त्यांच्या हिशेबात नाही. तिला ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ लागतो. त्याचा मूळ कोड खुला नाही, त्यामुळे तो कर्नलबरोबर येत नाही. दुरुस्तीवाल्याचं ‘चालतच नाही’ म्हणजे खरं तर ‘आपोआप चालत नाही’.

आता ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. यावर उतारा म्हणजे तुमचा मोबाइल. चार्जिंगच्या केबलने तो लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. (केबल नुसती चार्जिंगपुरती असेल तर हा पर्याय दिसतच नाही, दुसरी लावून बघा.) लॅपटॉपला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमच्या नावासमोरचा पर्याय निवडा आणि थांबा. ड्रायव्हर तुमच्या कर्नलसाठी तिथल्या तिथे बांधला जातो, त्याला थोडा वेळ लागतो.

माणसं फसतात ती याच्या पुढच्या पायरीवर. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर मशीन एक पासवर्ड ठरवायला सांगतं. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि १० सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. कळ दाबल्यावर यादीत सर्वांत वर ‘कंटिन्यू बूट’ असतं आणि बोट सवयीने एंटरवर जातं. तसं करू नका. खाली ‘एनरोल मॉक’ (मशीनच्या मालकाची किल्ली नोंदवणं) आहे, ते निवडा आणि कागदावरचा पासवर्ड घाला. ही पायरी हुकली की ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण कर्नल त्याला आत घेत नाही.

डोंगलबद्दल सांगायचं तर मी स्वतः एकदा ठेच खाल्ली आहे. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ छापलेलं पाहून घेतला, सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर तासभर खटपट करून बसवला, आणि पुढच्याच कर्नल अपडेटला वायफाय गुल. खोक्यावर चिपचं नाव नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. घ्यायचाच झाला तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा घ्या. उदाहरणार्थ मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप, ४.१९ पासूनच्या कर्नलना ती ओळखीची आहे. एकाच डोंगलच्या दोन आवृत्त्यांत वेगळ्या चिपा निघतात, तेवढं जपून.

‘डब्ल्यूएल’ही असाच नाजूक आहे. मोठं कर्नल अपडेट झालं की कधी तो रुसतो. सारखाच रुसायला लागला तर भाच्याकडून आतलं कार्ड बदलून घ्या. कार्डाची खाच एम.२ प्रकारची असेल तर इंटेलचं एएक्स२१० बसतं; एएक्स२११ नको, ते इंटेलच्याच ठरावीक मशीनवर चालतं. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) परकं कार्ड बघून सुरूच होत नाही, म्हणून जुनं कार्ड फेकू नका. अँटेनाच्या वायरींची टोकं तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. नखाने सरळ वर उचला, तिरकी ओढू नका. बसवताना बोटाखाली बारीकसं ‘टिक’ जाणवलं की बसली.

पण ते नंतरचं. आधी ड्रायव्हर टाकून तीच कमांड पुन्हा चालवा. ‘इन यूज’पुढे आता ‘डब्ल्यूएल’ यायला हवं. ते आलं नाही तर बहुधा निळा पडदा हुकलाय.