हेडलाइट पिवळ्या पडल्यात, टूथपेस्टने काम होईल का?

तुमची देवगडातली बारा वर्षांची गाडी, दिवे धुरकट आणि पिवळे, रात्री रस्ता नीट दिसत नाही. टूथपेस्ट घासावी की नवी जोडी घ्यावी, असा प्रश्न आहे. टूथपेस्टने दिवा उजळतो, पण फार तर काही आठवडे. नवी जोडी घ्यायची मात्र घाई करू नका.

आधी एक बघून घ्या. दिवसाउजेडी दिव्यात टॉर्च मारून आतला चंदेरी रिफ्लेक्टर तपासा. तो काळवंडला असेल, त्याचे पोपडे सुटले असतील, तर बाहेरून कितीही घासा, उजेड वाढणार नाही; तेव्हा नवा दिवाच घ्यावा. आत पाण्याचे थेंब दिसले तर मागचं रबरी झाकण बघा. बल्ब बदलताना ते नीट न बसवल्यामुळे पावसाळ्यात आत ओल शिरते. आमच्या गाडीला तर ते झाकणच नव्हतं.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे. अँबॅसिडरला, जुन्या मारुती ८०० ला खरी काच असायची, ती कधी पिवळी पडली नाही. प्लास्टिकवर कारखान्यातूनच एक पातळ, कडक थर येतो. उन्हातली अतिनील किरणं तो थर अडवतो आणि अडवता अडवता स्वतः झिजतो. मग उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं पडतं. आपल्याकडे त्यावर खारी हवा आणि चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, लाल धुरळा बसतो, आणि आपण कोरडं फडकं मारून ओरखडे वाढवतो.

मी रत्नागिरीत पहिल्यांदा हे काम एप्रिलात केलं. घासलं, कंपाउंडने (चकाकी आणणाऱ्या बारीक पेस्टने) पॉलिश केलं, दिवे नव्यासारखे झाले. दिवाळीला बघतो तर परत दुधाळ. घासताना जुना थर मी काढला होता, पण त्याच्या जागी नवा काही दिलाच नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो, घासणं हे अर्धंच काम आहे. वरचा नवा संरक्षक कोट मारायचा नसेल तर घासूच नका.

दिवा साबणाने धुवा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावा, कारण घासायचा कागद एकदा बॉनेटवर घसरला की रंग गेला. मग वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश कागद) ८०० नंबरपासून, साबणाच्या पाण्यात भिजवून. सुरुवातीला पिवळसर पाणी ओघळतं, तो जुना थर सुटत असतो. पाणी पांढरं, ताकासारखं येईपर्यंत थांबू नका. कडेला थराचा एखादा तुकडा राहिला तर नंतर तो डागासारखा दिसतो. या टप्प्यावर दिवा बाथरूमच्या धूसर काचेसारखा दिसतो आणि पोटात गोळा येतो, पण तसंच व्हायला हवं. पुढे आणखी बारीक, १००० आणि १५०० नंबरचे. ८०० आडवा फिरवला तर १००० उभा फिरवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

इथे बरेच जण चुकतात. क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर, मारायचा असेल तर कंपाउंडने चकाचक करू नका. कोटाला धरायला तो बारीक खरखरीतपणा लागतो. क्लिअर त्यात भरला की दिवा आपोआप आरपार दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका, आणि पहिला हात अगदी पातळ मारा. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळून मारायचा क्लिअर सगळ्यात जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसाला वाईट. ते काम योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडूनच करून घ्या. घासलेला दिवा त्याच दिवशी त्याच्याकडे न्या. घरीच करायचं असेल तर हेडलाइटसाठीचं यूव्ही सीलंट (अतिनील किरणं अडवणारा लेप) मिळतं, त्याआधी मात्र कंपाउंडने पॉलिश करावं लागतं, आणि सीलंट काही महिन्यांनी परत लावावं लागतं.

पेट्रोल, थिनर अजिबात नको. आमच्या आळीत एकाने पेट्रोलने पुसलं, प्लास्टिकला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गेल्या. त्या घासून जात नाहीत. डास पळवायचा स्प्रेही तसाच, क्षणभर चमक देतो आणि पृष्ठभाग मऊ करतो. उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा बल्बही टाकू नका; ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा घातला की उष्णतेने रिफ्लेक्टर आणि होल्डर दोन्ही जळतात.

पावसात क्लिअर मारू नका, दमट हवेत तो पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. नंतर गाडीचं तोंड सावलीकडे करून लावा, आणि समुद्राकाठून आलात की दिव्यांवर आधी तांब्याभर गोडं पाणी ओता, मग फडकं. पेंटरने दिवे खोलून काढले असतील तर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरचा झोत बघा. तो वर गेला असेल तर मागच्या स्क्रूने खाली आणा, नाहीतर घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर येईल.