फॉल्स सीलिंगवरच्या जुन्या केबल: कुठल्या काढायच्या, कुठल्या राहू द्यायच्या

तुमचा प्रश्न मी असा समजलो: न्यू जर्सीत ऑफिससाठी जागा भाड्याने घेतलीत, फॉल्स सीलिंगवर आधीच्या भाडेकरूंच्या नेटवर्क आणि फोनच्या केबलचे जुडगेच्या जुडगे पडलेत, इन्स्पेक्टर म्हणतो त्या काढा, आणि तुमचा कंत्राटदार म्हणतो की मग भिंतीतली जुनी लाइटची वायरिंगही फोडून काढावी लागेल. इन्स्पेक्टरचं बरोबर आहे. कंत्राटदाराचं नाही, आणि त्यापायी तुमचे बरेच पैसे वाया जातील म्हणून सविस्तर लिहितो. इथे इमारतींच्या वायरिंगचं काम करून मला वीसएक वर्षं झाली.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे वायरिंगच्या सुरक्षेच्या नियमावलीत, टाकून दिलेल्या केबल काढण्याचा नियम २००२ च्या आवृत्तीत आला. कारण आगीचं होतं. नव्वदच्या दशकात ऑफिसं दर काही वर्षांनी नवं नेटवर्क टाकायची आणि जुन्या केबल तशाच वर सोडायची. एका केबलचं प्लॅस्टिक किरकोळ वाटतं, पण शेकडो केबलचा थर साचला की तो जळण साठवल्यासारखाच होतो. त्यातून अनेक इमारतींत एसीची परतीची हवा सीलिंगवरच्या त्याच पोकळीतून जाते, म्हणजे तिथला धूर थेट माणसांपर्यंत पोचतो.

आता नियमातले शब्द नीट बघा, सगळा निकाल त्यांच्यावर आहे. जी केबल कुठल्याही उपकरणाला जोडलेली नाही आणि जिच्यावर ‘पुढे वापरायची आहे’ असा टॅग नाही, ती टाकून दिलेली. काढायचा आहे तो तिचा हाताला येणारा भाग: बांधकाम किंवा फिनिश न फोडता जिथे पोचता येतं तेवढाच. सीलिंगची टाइल उचलून दिसते ती केबल यात येते. प्लास्टर केलेल्या भिंतीतली येत नाही. भिंतीत गाडलेल्या पाइपातली वायर ओढून काढता येत असली, तरी कोड तिला झाकलेलीच मानतो.

टॅगबद्दल कोड एवढंच म्हणतो की तो त्या जागेच्या हवेत टिकला पाहिजे. किती वर्षं चालेल याची मुदत दिलेली नाही. पण म्हणून सगळ्या जुडग्यांना टॅग लावून मोकळं होऊ नका. जी खरंच वापरणार आहात तिलाच लावा. बाकीचं जळण तुमच्याच माणसांच्या डोक्यावर राहणार आहे.

हा नियम मुख्यतः फोन, डेटा, केबल टीव्ही, ऑप्टिकल फायबर, फायर अलार्म आणि कंट्रोलच्या कमी व्होल्टेजच्या केबलसाठी आहे. लाइट-पॉइंटच्या साध्या वायरिंगला असा सरसकट नियम नाही. अपवाद आहेत: फरशीखालच्या डक्टमधला (वायरसाठीच्या बंद वाटेतला) एखादा पॉइंट बंद केला तर त्याच्या वायर डक्टमधून काढाव्याच लागतात, आणि कोडमध्ये संगणक कक्षांचं वेगळं कलम आहे. तुमच्या भिंतीतल्या वायर मात्र राहू शकतात. त्या पॅनेलवरून सोडवायच्या, दोन्ही टोकं नीट इन्सुलेट करून बॉक्समध्ये झाकणाखाली ठेवायची आणि बॉक्स उघडता येईल असा ठेवायचा. बॉक्सवर प्लास्टर मारून टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

कापण्याआधी प्रत्येक केबलची दोन्ही टोकं शोधायला लावा. एका जुन्या इमारतीत आमच्या माणसाने धुळीने भरलेली, मेलेलीच वाटणारी एक करडी केबल कापली आणि लिफ्टमधला आणीबाणीचा फोन बंद पडला. संध्याकाळच्या तपासणीत कळलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून दोन्ही टोकं हातात आल्याशिवाय मी कुणाला कटर लावू देत नाही. फायर अलार्मच्या केबलला तर इमारतीच्या अलार्म कंपनीचा माणूस हजर असल्याशिवाय हात लावायचा नाही. सीलिंग खूप जुनं असेल तर आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या.

खर्च कुणाचा हे कोड ठरवत नाही, भाडेकरार ठरवतो. आधीच्या भाडेकरूच्या केबल तुमच्या माथी का, हे घरमालकाला लेखी विचारा. आणि तुमच्या करारातही जागा सोडताना केबल कुणी काढायच्या ते स्पष्ट लिहून घ्या.

शेवटचं एक काम बहुतेक जण विसरतात. आग अडवणाऱ्या भिंतीतून केबल ओढून काढली की तिथे भोक उरतं. ते साध्या फोमने नाही, त्या भिंतीच्या रेटिंगला (ती आग किती वेळ अडवते त्या प्रमाणाला) मान्य असलेल्या फायरस्टॉपने, म्हणजे आग अडवणाऱ्या भरणाने, बुजवायला हवं. टाइल परत लावण्याआधी अशा प्रत्येक भोकाचा फोटो कंत्राटदाराकडून मागून घ्या आणि मगच बिल द्या.