बिडाचा जुना पाइप गळतोय, एम-सील टिकत नाही

प्रश्न: घराच्या मागच्या भिंतीवरून बाथरूमचा जुना बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप खाली येतो, त्याच्या मधल्या जॉइंटमधून पाणी गळतंय आणि आतल्या खोलीत ओल यायला लागलीय. वरून एम-सील लावलं, सिमेंट थापून झालं, थोड्या दिवसांत परत तेच. सगळा पाइप बदलायलाच लागेल का?

उत्तर: सगळा बदलायची घाई करू नका. हा सांडपाण्याचा पाइप, नळाच्या लाइनसारखं त्यात प्रेशर नसतं, पाणी आतल्या अंगाला लागून खाली निघून जातं, त्यामुळे जॉइंट जरा कमजोर असला तरी एरवी निभावतं. गळती एकदम वाढली असेल तर आधी खाली चोक-अप झालंय का ते बघा, कारण पाणी पाइपमध्ये साचून वर चढतं आणि कच्ची जागा मिळेल तिथून बाहेर पडतं. वरून एक बादली एकदम ओता आणि दुसऱ्याला चेंबरपाशी उभं करा. पाणी लगेच जोरात आलं तर लाइन मोकळी, हळूहळू रेंगाळत आलं तर खालच्या बेंडचं झाकण उघडून वायर घाला. कधीकधी एवढ्यावरच गळती थांबते, आणि चोक-अप तसाच ठेवून वरून काहीही थापलं तरी ते टिकत नाही.

लाइन मोकळी असूनही गळत असेल तर पाइप कोरडा पुसा आणि वरून खाली बघत या. पाणी बाहेरून ओघळतं, म्हणून डाग दिसतो त्याच्या बरंच वर खरं भोक असू शकतं. भिंतीकडची बाजू तर आरसा धरून बघाच, तिथे ब्रश पोचत नाही, रंग लागत नाही, ओल कायम असते, बीड सडतं ते बहुतेक तिथूनच. हलक्या हाताने ठोकून बघा, चांगलं बीड खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.

नुसता जॉइंटच गेला असेल तर काम सोपं आहे. जुन्या जॉइंटमध्ये ताग भरून वर शिसं ओतलेलं असतं, ते सैल झालं की बोथट छिन्नीने गोल फिरत हळू ठोकून परत घट्ट बसवता येतं. घरी शिसं वितळवायच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका, ती वाफ विषारी असते. मग वरून एम-सील लावा, पण तारेच्या ब्रशने गंज खरवडून, धातू उघडा करून आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच, तोवर ते बाथरूम बंद. तुमचं एम-सील सुटलं ते बहुधा ओलसर गंजावर लावल्यामुळे, ते गंजाला चिकटतं आणि गंजच पापुद्र्यासारखा निघून येतो.

पाइपलाच तडा असेल तर तेवढा तुकडा कापून पीव्हीसी बसवा. कापायच्या आधी वरचा भाग क्लॅम्पने भिंतीला पक्का धरून ठेवा, बीड भयंकर जड असतं आणि खालचा आधार गेला की वरचं सगळं अंगावर येऊ शकतं. बिडाला पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन चालत नाही, दोन्हीकडे रबरी कपलर आणि स्टीलचे क्लॅम्प लागतात, आणि दोन्ही पाइपांची बाहेरची मापं वेगळी असतात तेव्हा मोजूनच कपलर आणा. पुढेमागे सगळीच लाइन पीव्हीसीची केलीत तर उन्हाचा विचार करा, ३ मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने ५-६ मिलिमीटर लांबतो, म्हणून रबरी रिंगच्या जॉइंटमध्ये पाइप पूर्ण आत ढकलून साधारण १० मिलिमीटर मागे ओढायचा.

आणि पाइप बिडाचाच आहे ना ते नक्की करा. जुना राखाडी सिमेंटसारखा दिसणारा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तो कापायचा नाही, घासायचा नाही, ती धूळ फुप्फुसात गेली तर फार वाईट, ते काम जाणकारालाच द्या.

खोलीतल्या भिंतीला लगेच रंग देऊ नका, गळती थांबल्यावरही भिंत पूर्ण वाळायला बरेच आठवडे लागतात, आधी दिला तर पोपडे येतील.