स्लॅबच्या मजुरीचा रास्त दर कसा ओळखायचा?

कळंब्याला घर बांधताय, पहिल्या स्लॅबच्या मजुरीचे तीन दर आलेत, वरचा दर खालच्याच्या दीडपट आहे, तर यातला रास्त कोणता, असं तुम्ही विचारलंय. फुलेवाडीत घर बांधताना माझाही हाच घोळ झाला होता. पहिल्या स्लॅबला मी सगळ्यात कमी दरवाला धरला आणि तो महागात पडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिघांनाही विचारा, फूट (म्हणजे चौरस फूट) कशावर मोजणार? कुणी नुसत्या स्लॅबचं माप धरतो आणि छज्जे, जिना वेगळे लावतो. कुणी सगळं धरून सांगतो. सळई बांधायची मजुरी त्यातच आहे का? प्लेटा (ज्यांवर स्लॅब ओततात), मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर (ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवायचं यंत्र) यांचं भाडं कुणाकडं? जाडीही सांगा. 900 फुटांचा स्लॅब 4 इंची असेल तर 3 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) काँक्रीट लागतं, 5 इंची असेल तर पावणेचार, आणि बीम वेगळे. फूट तेवढेच, पण कालवायचा आणि वर चढवायचा माल पाव पटीनं जास्त. हे सगळं कागदावर आलं की दरांतला बराच फरक कशाचा आहे ते कळतं.

मग हजेऱ्या मोजा, म्हणजे एका माणसाचा एक दिवस ती एक हजेरी. माझा दुसरा स्लॅब 900 फुटांचा होता आणि त्या वेळी मी रोज वहीत लिहीत होतो. सेंट्रिंगला (प्लेटा-टेकू लावायला) 5 माणसं 5 दिवस, सळईला 3 माणसं 4 दिवस, स्लॅबच्या दिवशी 18 जण. एकूण 55 हजेऱ्या. तुमच्या नकाशाप्रमाणं हा आकडा कमीजास्त होईल, तो इंजिनिअरकडून काढून घ्या. सेंट्रिंगवाल्याची, गवंड्याची, बिगाऱ्याची आज हजेरीचा काय दर चाललाय ते शेजारच्या साइटवर जाऊन काम करणाऱ्या माणसांनाच विचारा. बेरीज करा, भाडी मिळवा, ठेकेदाराचे 10-15 टक्के मिळवा आणि फुटांनी भागा. येईल तो तुमचा दर. त्याच्या आसपासचा माणूस प्रामाणिक बोलतोय असं समजा. मिरगाच्या आधी सगळ्यांनाच स्लॅब उरकायचा असतो, तेव्हा थोडं जास्त मागितलं तर तेही मी गैर मानत नाही.

त्यापेक्षा फार खाली कुणी बोलला, तर तो कुठून भरून काढणार हे बघा. माझा पहिला ठेकेदार स्लॅबच्या दिवशी 9 माणसं घेऊन आला. दुपारी व्हायब्रेटर बंद पडला, दुसरा आणलेला नव्हता. काम रात्रीपर्यंत रेंगाळलं, आधीचा माल आवळला त्यावर नवा पडला, आणि पहिल्याच पावसाळ्यात नेमक्या त्या सांध्यातून पाणी गळायला लागलं. त्या 9 माणसांना दुप्पट राबवून हजेरी मात्र प्रत्येकाला एकच दिली, हे मला नंतर कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं, कारण तो कमी दर मीच घासाघीस करून पाडला होता.

ठेकेदार भरून काढतो ती दुसरी जागा म्हणजे प्लेटा. त्या पुढच्या साइटवर लवकर गेल्या की त्याचं भाडं वाचतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्यापुढच्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे असतात. 6 मीटरपर्यंतच्या बीमला 14 आणि त्याहून मोठ्याला 21 दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट) वापरत असाल तर इंजिनिअरला विचारून मुदत वाढवा. हे दिवस करारात लिहा आणि मजुरीतले 10 टक्के टेकू निघेपर्यंत हातात ठेवा. उचल मात्र अडवू नका, शनिवारी माणसांचा पगार व्हायलाच हवा.

तिघांना एकत्र न बोलवता एकेकाला साइटवर न्या आणि स्लॅबच्या दिवशी किती माणसं, किती व्हायब्रेटर आणणार, हे विचारा. माझ्या दुसऱ्या ठेकेदारानं दर सांगायच्या आधी सळई किती, बीम किती खोल, मिक्सर कुठं उभा राहील, हे मला विचारलं होतं. त्याचा दर तिघांत मधला होता. तिसरा स्लॅबही मी त्यालाच दिला.