चित्रकला येत नाही, तरी आयुष्यातले टप्पे कापडावर दाखवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे की टाके येतात पण चित्र अजिबात काढता येत नाही, तर आयुष्याचे टप्पे भरतकामात कसे आणायचे, आणि मधला एक वाईट काळ आहे तो घ्यायचा की गाळायचा. मी बरीच वर्षं असंच एक काम करतेय, म्हणून उत्तर देतेय.

चित्र येत नाही ते एका अर्थी बरंच आहे. ज्यांना येतं ते लगेच पाळणा, पदवीची टोपी, घर असं काहीतरी काढतात आणि मग ते कुणाच्याही आयुष्याचं वाटतं. टप्पा दाखवायचं काम कापड आणि टाका यांच्यावर सोपवा. लुईस बुर्ज्वा या शिल्पकार बाईंनी २००२ मध्ये, नव्वदीत असताना, स्वतःचे जुने कपडे आणि लग्नातले नावाची अक्षरं भरलेले टॉवेल घेऊन अख्खं कापडी पुस्तक केलं, आणि त्यात बऱ्याच पानांवर नुसते पट्टे, गोल, चौकटी आहेत. कपडे तिचेच, त्यामुळे वेगळं काही काढून दाखवायची गरजच पडली नाही.

आता टाक्यांचं, कारण खरी मजा इथे आहे. माझं बाळ लहान होतं तेव्हाची पट्टी मी तेव्हाच, जमेल तशी भरली आणि नियम एकच ठेवला, की सुई खाली ठेवावी लागली की पुढच्या वेळी दोऱ्याची छटा बदलायची. साधा धावदोरा आहे, पण कुठे तीन टाक्यांत रंग बदलतो, कुठे चक्क एका टाक्यात, आणि मग मध्येच एक लांबच लांब निळी ओळ येते, त्या रात्री बाळ सलग झोपलं होतं. बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही, विशेषतः ज्यांनी मूल वाढवलंय ते त्या निळ्या ओळीवर बोट ठेवतातच. तुमचे टप्पे वेगळे असतील तर नियमही वेगळा शोधा, धावपळीची वर्षं लांब ढिल्या टाक्यांत, एकाच जागी अडकलेला काळ गाठीच्या टाक्यांनी गच्च भरून, असं काहीही.

फोटो हवेच असतील तर फेथ रिंगगोल्ड या अमेरिकन चित्रकार बाईंचं १९८६ चं, स्वतःचं वजन कमी करण्यावरचं क्विल्ट (गोधडीसारखं काम) बघा, स्वतःचे दशकादशकांचे फोटो कापडावर छापून शेजारी मजकूर लिहिलाय. मला स्वतःला फोटोपेक्षा कापड जास्त बोलकं वाटतं, पण हा आवडीचा भाग झाला.

वाईट काळ गाळू नका असंच मी म्हणेन. साधारण १८३० च्या आसपास एलिझाबेथ पार्कर नावाच्या, घरकामाला असलेल्या मुलीने मालकाने केलेला छळ आणि जीव द्यायचे विचार हे सगळं लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, पांढऱ्या लिननवर अक्षर अक्षर करून भरलं, आणि ते वाक्य अर्धवट सोडून थांबतं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पण तिने सगळं उघड लिहिलं म्हणून तुम्हीही लिहायलाच हवं असं नाही. हवं ते भरा आणि वरून ऑर्गंझा, म्हणजे पातळ आरपार दिसणारं कापड, शिवून टाका, अक्षरं आहेत हे दिसतं पण सहज वाचता येत नाहीत. किंवा कापड उलटं करून मागची बाजू, गाठी आणि सुटे दोरे तसेच पुढे ठेवा. लोकांनी विचारलं तर किती सांगायचं ते तुमच्या हातात राहतं.

जुन्या कपड्यांबद्दल मात्र नीट लक्ष द्या, एकदा फाटले की दुसरे मिळत नाहीत. विरलेल्या कापडाला मागून मलमलचं अस्तर लावून कच्ची टीप घाला, मगच भरायला घ्या. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड फार घट्ट ताणू नका, लडीच्या सहा पदरांपैकी एक किंवा दोनच वापरा, जाड दोरा जुनं सूत कापत जातो. लाल आणि गडद निळं कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा, रंग जात असेल तर शेजारी फिकं काही लावू नका. टी-शर्ट ताणला जातो, त्याला मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून घ्या.

आणि सुरुवात लहानपणापासून करायला जाऊ नका, त्या काळातलं कापड बहुतेक वेळा हाताशी नसतंच आणि काम तिथेच अडून बसतं. ज्या टप्प्याचा कपडा आत्ता कपाटात आहे तिथून घ्या, प्रत्येक तुकडा सुटा ठेवा, कडेला काजं करून ठेवलीत तर नंतर फितीने जोडता येतात आणि क्रम कधीही बदलता येतो.